‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात सातपूर येथील एका लघुउद्योजकाने केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहण्याची मला सवय नाही. माझे आयुष्य पत्रा कापण्यात, वाकवण्यात आणि जोडण्यात गेले. त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमध्ये शीट मेटलचे काम शिकलो, काही वर्षे दुसऱ्याच्या गाळ्यात नोकरी केली आणि पुढे सातपूरला स्वतःचा लहानसा गाळा घेतला. लोखंडी कपाटे, दिवाण, रॅक हे घरगुती काम, आणि जोडीला कारखान्यांचे ब्रॅकेट व कव्हर असे जॉबवर्क. सेक्रेटरीसाहेबांनी मला ‘लघुउद्योगातील संधी’ असा मोठा विषय दिला होता. त्यांची परवानगी घेऊन मी तो लहान करून घेतला आहे. ठरलेल्या तारखेला माल तयार होणार नाही असे कळले, तर गिऱ्हाइकाला ते कसे सांगावे, एवढेच मी आज बोलणार आहे.

आपणांस वाटेल, यात बोलण्यासारखे काय आहे? उशीर झाला तर सांगायचे, उशीर झाला. परंतु चाळीस वर्षांच्या धंद्यात हे एवढेसे वाक्य वेळेवर बोलणारी माणसे मी फार थोडी पाहिली, आणि कित्येक वर्षे मीही त्यांत नव्हतो.

सातपूर म्हटले की लोकांना मायको आठवते. तिचे नाव आता बॉश झाले, तरी चौकाला आपण मायको सर्कलच म्हणतो. महिंद्रा आठवते, सिएट आठवते. पण या मोठ्या कारखान्यांच्या आडोशाने शेकडो लहान गाळे चालतात. कुठे दोन लेथ, कुठे एक प्रेस, कुठे नुसते वेल्डिंग. या गाळ्यांचे एकमेकांवाचून चालत नाही. मी कपाट बनवतो, पण पत्रा व्यापाऱ्याकडून येतो, रंग दुसरा करतो, कुलूप तिसऱ्याचे असते आणि टेम्पो चौथ्याचा. या साखळीत कुठेही खोळंबा झाला की माझी तारीख चुकते. रंगाचेच घ्या. पावडर कोटिंगच्या आधी पत्रा एकामागून एक टाक्यांत बुडवून तेल आणि गंज काढावा लागतो, फॉस्फेटचा थर द्यावा लागतो, मगच तो भट्टीत जातो. घाईने एखादी टाकी चुकवली तर कपाट त्या दिवशी चकचकीत दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणजे काही उशीर असे असतात की ते टाळणे हीच लबाडी होईल.

तेव्हा उशीर होणारच नाही असा धंदा मी आपणांस शिकवू शकत नाही. मला सांगायची आहे ती १९९३ सालची गोष्ट. ती सांगताना आजही माझी मान खाली जाते.

महिरावणीच्या पुढच्या एका खेड्यातले शेतकरी गृहस्थ आले होते. मुलीचे लग्न मे महिन्यात होते. एक कपाट आणि एक दिवाण सांगितला आणि अर्ध्याहून अधिक रक्कम आगाऊ दिली. लग्नाच्या आठ दिवस आधीची तारीख मी वहीत लिहून दिली. त्यानंतर काही दिवसांनी, ज्यांच्याकडे मी रंगाला माल देत असे त्यांची भट्टी बंद पडली. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते त्यांनाही सांगता येईना. लग्नाला अजून तीन आठवडे होते. माझ्या हातात पूर्ण माहिती होती आणि भरपूर वेळ होता. त्या गावात फोन नव्हता, पण पंधरा पैशांचे पोस्टकार्ड होते. मी ते टाकले नाही. मनाशी म्हटले, भट्टी दोन दिवसांत सुरू होईल, उगीच त्यांना काळजी कशाला?

ठरलेल्या दिवशी ते एसटीने आले. मी म्हणालो, “दोन दिवसांनी या.” दोन दिवसांनी आले, तेव्हा मी म्हणालो, “उद्या नक्की.” तिसऱ्या वेळी मला ते लांबूनच दिसले. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. शाळेला सुटी म्हणून गाळ्यावर येऊन बसत असे. मी त्याला म्हणालो, “जा, सांग, अब्बा बाहेरगावी गेलेत.” आणि मागच्या दाराशी पत्र्यांच्या आड उभा राहिलो.

त्या गृहस्थांनी त्याला विचारले, “बाळा, तुझे वडील नाहीत तर नाहीत. तू एवढंच सांग, कपाट झालंय का?” पोराला याचे उत्तर मी शिकवले नव्हते. तो काहीच बोलला नाही, फक्त वळून मागच्या दाराकडे पाहिले. त्या गृहस्थांनीही तिकडे पाहिले असावे. ते निघून गेले.

लग्न झाल्यावर ते आगाऊ रक्कम परत घ्यायला आले. मी शिव्या खायच्या तयारीने बसलो होतो. ते एवढेच म्हणाले, “मिस्त्री, मला आधी कळवलं असतं तर मी नाशकात जाऊन तयार कपाट घेतलं असतं. तीन फेऱ्यांत माझी भाजी वावरात राहिली.” पैसे मोजून घेतले, चहा घेतला नाही आणि गेले. त्या सुटीत माझा मुलगा पुन्हा गाळ्यावर आला नाही. त्याच्या आईने कारण विचारले तर म्हणाला, उन्हाचा त्रास होतो.

भट्टी बंद पडली यात माझा दोष नव्हता, आणि त्या गृहस्थांनीही तो मला दिला नाही. त्यांचे नुकसान भट्टीने केले नव्हते. तीन आठवडे त्यांच्या हातात दुसरी सोय करण्याची संधी होती, आणि माझ्या गप्प बसण्याने ती गेली. माल उशिरा देणारा गिऱ्हाइकाचा थोडा वेळ घेतो. उशीर लपवणारा मात्र त्याचा निर्णयच आपल्या खिशात घालून बसतो.

आपण असे का करतो? बहुतेक वेळा ती लबाडी नसते, ती भीती असते. गिऱ्हाईक रागावेल, पैसे परत मागेल, शेजारच्या गाळ्यात जाईल, ही भीती. म्हणून आजचा राग उद्यावर ढकलायचा. आणि मग सबबी सुरू होतात. माझ्या ओळखीच्या एका शिलाईवाल्याचे मामा आजवर चार वेळा वारले आहेत. पाचव्या वेळी मी स्वतःच त्यांना म्हणालो, भाई, आता मामूंना आराम करू द्या.

शिलाईचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण हा अनुभव आपल्या प्रत्येक घरात आहे. रमजानमध्ये कपडे शिवायला टाकतो. टेलर हसतमुखाने माप घेतो आणि ईदच्या दोन दिवस आधीची तारीख देतो. चाँदरातीला बारा वाजता त्याच्या दुकानासमोर तीस माणसे उभी असतात आणि घरी मूल जागे असते. काही टेलर मात्र अर्ध्या रमजानलाच ‘ऑर्डर बंद’ अशी पाटी लावतात. लोक कुरकुरतात, पण दुसरीकडे जायला त्यांच्याजवळ पंधरा दिवस उरलेले असतात. ज्याला माल देणे जमणार नाही त्याला वेळेवर ‘नाही’ म्हणणे, हेही कळवणेच आहे, आणि मी तर म्हणेन की सगळ्यांत स्वस्त कळवणे आहे.

आता बाजू पालटून पाहू. आम्ही लहान उद्योजक एकत्र बसलो की पहिली तक्रार कोणती? मोठ्या कंपन्या बिलाचे पैसे वेळेवर देत नाहीत. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. तरीही एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात मी किती खेटे घातले ते माझ्या चपलांना विचारा. पैसे उशिरा मिळाल्याचे दुःख होतेच. त्याहून अधिक राग कशाचा येत असे? “साहेब मीटिंगमध्ये आहेत”, “पुढच्या आठवड्यात बघा” याचा. त्या खुर्चीवर बसलेल्या कारकुनाने एकदा जरी म्हटले असते, “तुमचा चेक २५ तारखेपूर्वी निघणार नाही, २६ ला फोन करा”, तर मी माझ्या पत्र्याच्या व्यापाऱ्याला तसे सांगून मोकळा झालो असतो. जे मला त्या खिडकीशी हवे होते, तेच माझ्या गिऱ्हाइकाला माझ्या गाळ्याशी हवे असते.

मग सांगावे कसे? एक नमुनाच वाचून दाखवतो. हल्ली मी असा मजकूर मोबाईलवरून पाठवतो. पूर्वी तो पोस्टकार्डावर लिहीत असे.

“सप्रेम नमस्कार. आपण ५ तारखेला सांगितलेले कपाट येत्या २० तारखेस देण्याचे ठरले होते. रंगाची भट्टी बंद पडल्यामुळे ते २० तारखेस तयार होणार नाही. २८ तारखेस नक्की देता येईल असा माझा अंदाज आहे. आपणांस २८ तारीख चालत असल्यास तसे कळवावे. चालत नसल्यास आपली आगाऊ रक्कम रुपये अमुक पूर्ण परत करीन, ती केव्हाही न्यावी किंवा मी पोहोचवीन. २४ तारखेस काम कुठवर आले ते मी स्वतः फोन करून सांगेन. आपली गैरसोय झाली याबद्दल माफी असावी.”

यात कारण एका वाक्यात संपले आहे, हे लक्षात घ्या. भट्टीचा कोणता भाग जळाला, कारागीर कुठला होता, हे गिऱ्हाइकाला नको असते. कारण जितके लांबते तितके ते खोटे वाटू लागते. नवी तारीख ठरवताना मी आधी स्वतःची आशा बाजूला ठेवतो. काम २५ ला होईल असे वाटले तर २८ सांगतो, कारण गिऱ्हाईक पहिली तारीख चुकली तर रागावते, पण दुसरी चुकली तर ते आपल्याला ओळखून असते. आणि २४ तारखेचा तो फोन विसरायचा नाही. त्या दिवशी सांगण्यासारखे काही नसले तरी “काम ठरल्याप्रमाणे चालू आहे” एवढे सांगायचे.

मजकूर पाठवला म्हणजे काम झाले असेही नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला मोबाईलवरचा मजकूर वाचता येत नसेल, तर तो घरातला नातू वाचेल तेव्हा वाचेल. तिथे बोललेच पाहिजे, आणि तिच्या बोलीत. आपल्या भागात मराठी, हिंदी, आपली दखनी आणि खानदेशातून आलेल्या कामगारांची अहिराणी, सगळे चालते. गोड बातमी नोकराने दिली तरी चालते, पण वाईट बातमी मालकानेच द्यावी असा मी नियम केला आहे. दुकानातल्या पोराला त्यात पुढे करू नये.

काही उशीर आधीच दिसतात. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी त्र्यंबक रोडवर खासगी वाहनांना बंदी होती. हे महिनोन् महिने आधी ठाऊक असताना त्याच दिवसाची डिलिव्हरी कबूल करणारे महाभाग होते. दिवाळीत आणि ईदला कारागीर गावी जातात, पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो, हे ऑर्डर घेतानाच तारखेत धरले पाहिजे.

आता पैशाची गोष्ट, कारण खरी गाठ तिथेच असते. “नको असेल तर रक्कम परत नेा” असे लिहिणे सोपे आहे, पण परत द्यायला रक्कम असावी लागते. आपण काय करतो? या गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशातून मागच्या गिऱ्हाइकाचा पत्रा आणतो. २०२० साली मार्चअखेर लॉकडाऊन लागला तेव्हा हे माझ्या अंगावर आले. कारागीर आपापल्या गावी निघून गेले, गाळ्याला कुलूप, आणि वहीत लोकांच्या आगाऊ रकमा. पहिले दोन दिवस फोन बंद ठेवावा असे वाटले, खोटे कशाला बोलू? मग वही घेऊन बसलो आणि एकेकाला फोन लावला. म्हणालो, “गाळा केव्हा उघडेल मला ठाऊक नाही, म्हणून तारीख देत नाही. पैसे हवे असतील तर एकदम जमणार नाहीत, पण दोन-तीन हप्त्यांत देतो.” बहुतेकांनी थांबतो म्हटले. काहींच्या घरात अडचण होती, त्यांनी पैसे मागितले, आणि ते देण्यासाठी मला घरातले थोडे सोने ठेवावे लागले. तेव्हापासून आगाऊ रकमेतले त्या कामाच्या पत्र्याचे पैसे वगळता बाकीचे मी वेगळे ठेवतो. माल पोहोचेपर्यंत ती रक्कम आपल्याकडे अमानत असते, हे मला ऐकून माहीत होते, करून पाहायला साठी जवळ यावी लागली.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नवी थार गाडी बाजारात आली. ती आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनते. बुकिंग करणाऱ्यांना कित्येक महिने थांबावे लागले, तरी लोक थांबले. एवढ्या मोठ्या कंपनीलाही गिऱ्हाइकाला थांबा म्हणावे लागते, तर आपल्याला लाजण्याचे कारण नाही. फक्त त्यांच्या नावावर लोक थांबतात, आणि आपल्याला ते नाव दर ऑर्डरीला थोडे थोडे कमवावे लागते.

कारखान्यांच्या कामात हिशोब आणखी कडक असतो. त्यांच्याकडे मालाचा साठा फार ठेवत नाहीत, माझा ब्रॅकेट आला नाही तर त्यांची लाइन थांबते. लोडशेडिंगच्या दिवसांत एकदा गुरुवारी द्यायचा सगळा माल होणार नाही हे मला सोमवारीच दिसले. मी पर्चेसच्या साहेबांना फोन केला की गुरुवारी अर्धा माल देतो, उरलेला शनिवारी. ते फोनवर इतके ओरडले की शेजारच्या प्रेसवरच्या माणसाने काम थांबवले. पण तासाभराने त्यांचाच फोन आला, अर्ध्या मालात कोणते नग आधी हवेत ते सांगायला. सोमवारी सांगितले म्हणून त्यांना आपले वेळापत्रक हलवता आले.

प्रत्येक वेळी असे गोड होत नाही, तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या एका कंपनीला मी असेच आधी कळवले, तर त्यांनी ते काम काढून दुसऱ्याला दिले आणि ते परत कधी आले नाही. खरे बोलल्याने गिऱ्हाईक टिकतेच, असा दाखला मी देऊ शकत नाही. त्या कंपनीचे काम अडले नाही, आणि तिने त्याबद्दल मला काही देणे लागत नव्हते.

विद्यार्थ्यांसाठी कायद्याचे थोडे. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. ज्या करारात वेळ हाच महत्त्वाचा भाग आहे, तिथे वेळ चुकली तर समोरच्याला करार मोडता येतो. लग्नाचे कपाट त्यातले नाही असे कोण म्हणेल? आणि वेळ तितकी महत्त्वाची नसली तरी उशिराने झालेले नुकसान मागता येते. ग्राहकासाठी १९८६ साली वेगळा कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार फी न भरता करता येते. २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याचा माल सांगितलेल्या मुदतीनंतर आला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला त्याला नाही म्हणता येत नाही. उशिराचे कारण त्याच्या हाताबाहेरचे असेल तेवढी सूट आहे.

मला सर्वांत पटला तो अमेरिकेतला एक जुना नियम. तिथे टपालाने माल मागवण्याची पद्धत मोठी. पैसे पाठवून लोक महिनोन् महिने वाट पाहत. १९७५ साली तिथल्या संघीय व्यापार आयोगाने नियम केला की, जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर तीस दिवसांत, माल रवाना करता येत नसेल तर गिऱ्हाइकाला तसे कळवावे, नवी तारीख द्यावी आणि ऑर्डर रद्द करून पैसे परत घेण्याची मोकळीक द्यावी. माझ्या पोस्टकार्डात जे आहे तेच. फरक इतकाच की त्यांनी ते कायद्याने करून घेतले, आणि मला ते महिरावणीच्या पुढच्या एका शेतकऱ्याने शिकवले.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत तुम्हाला पत्रलेखनाचा प्रश्न असतो. वह्या मागवण्याचे पत्र, तक्रारीचे पत्र. गुरुजनांना माझी विनंती आहे की, एकदा उलटे पत्र लिहायला द्यावे: तुम्ही दुकानदार आहात, माल उशिरा होणार आहे, गिऱ्हाइकाला कळवा. मला खात्री आहे, पहिल्या मसुद्यात अर्धे विद्यार्थी मामाला मारतील. तो मसुदा खोडून दुसरा लिहून घ्यावा.

आणि पालकहो, दारावर कोणी आले, फोन वाजला, तर “सांग, अब्बा घरी नाहीत” हे वाक्य आपण मुलांकडून किती सहज बोलवून घेतो! माझा मुलगा आता पुण्याला नोकरी करतो. त्याला धंद्यात यायचे नव्हते, त्याची कारणे अनेक असतील. ती गोष्ट त्याला आठवते का, हे मी त्याला आजवर विचारलेले नाही.

माझा वेळ संपत आला आहे, आणि उशिरावर बोलताना तरी वेळ पाळावा. माझ्या वहीत या आठवड्याची दोन नावे आहेत. श्रमिकनगरच्या एका बाईंचा रॅक आणि एका दवाखान्याच्या चार खुर्च्या. खुर्च्यांचे पाइप आलेले नाहीत आणि ते शुक्रवारपर्यंत येणार नाहीत, हे मला आज दुपारी कळले. तारीख सोमवारची आहे. डॉक्टरसाहेब नऊपर्यंत दवाखान्यात असतात, म्हणून चहापाण्याला मी थांबणार नाही, अध्यक्षसाहेबांनी राग मानू नये.